क्लास डायग्राम बरोबर वाटतंय? मग एक ऑब्जेक्ट डायग्राम काढून बघा

ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर करायचं आहे असं धरू. चर्चा सुरू झाल्या झाल्या फळ्यावर दोन चौकोन येतात, ‘सदस्य’ आणि ‘पुस्तक’. प्रत्येक चौकोन म्हणजे एक क्लास, गोष्टींचा एक प्रकार; असे चौकोन आणि त्यांच्यातली नाती दाखवणारं चित्र म्हणजे क्लास डायग्राम. मध्ये एक रेघ, तिच्यावर लिहिलेलं ‘नेलं आहे’. पुस्तकाच्या टोकाला ०..५, सदस्याच्या टोकाला ०..१. अर्थ सरळ आहे: एका सदस्याकडे एका वेळी फार तर पाच पुस्तकं, आणि एक पुस्तक एका वेळी फार तर एकाच सदस्याकडे. पुस्तक क्लासमध्ये शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक अशी अ‍ॅट्रिब्यूट्स. म्हणजे प्रत्येक पुस्तकाबद्दल जपायची माहिती. सगळे माना डोलावतात. खटकण्यासारखं काही दिसत नाही, कारण या चित्रात अजून एकही पुस्तक आलेलं नाही.

मग कुणीतरी म्हणतं, ‘बीजगणिताच्या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत आणि तिन्ही बाहेर गेल्यात. हे काढून दाखवा.’ काढायला घेतलं की फळ्यावर असं काहीतरी उभं राहतं. हे झालं ऑब्जेक्ट डायग्राम; यातला प्रत्येक चौकोन म्हणजे एक ऑब्जेक्ट, क्लासचा एक प्रत्यक्ष नमुना:

स१ : सदस्य
सदस्यक्रमांक = १०७

स२ : सदस्य
सदस्यक्रमांक = २१२

पु१ : पुस्तक
शीर्षक = “बीजगणित”
दाखलक्रमांक = ४४१

पु२ : पुस्तक
शीर्षक = “बीजगणित”
दाखलक्रमांक = ४४२

पु३ : पुस्तक
शीर्षक = “बीजगणित”
दाखलक्रमांक = ४४३

रेघा: स१ ते पु१, स१ ते पु२, स२ ते पु३

नियम कुठेही मोडलेला नाही. तरीही दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. शीर्षक तीनदा लिहिलंय. उद्या त्यात शुद्धलेखनाची चूक सापडली आणि ती दोनच ठिकाणी दुरुस्त झाली, तर आपल्या यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी पुस्तकं होतील. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. तिसरा सदस्य येतो आणि म्हणतो, हे पुस्तक माझ्यासाठी राखून ठेवा, जी प्रत आधी परत येईल ती चालेल. आता त्याच्या आरक्षणाची रेघ कुठे न्यायची? पु१ कडे नेली तर पु३ आधी परत आली तरी त्याला थांबावं लागेल. तिन्हींकडे नेली तर एक आरक्षण तीन झालं. त्याला जे पुस्तक हवंय ते या चित्रात नाहीच, आहेत त्या त्याच्या प्रती.

म्हणजे ‘पुस्तक’ नावाचा एक क्लास दोन वेगळ्या गोष्टींचं ओझं वाहत होता. त्याचे दोन करायला हवेत: शीर्षक-लेखकाचं ‘पुस्तक’ आणि दाखल क्रमांकाची ‘प्रत’. आरक्षण पुस्तकाला जोडलं जाईल, नेणं-आणणं प्रतीला. क्लास डायग्रामकडे नुसतं बघून अनुभवी माणसाच्या हे लक्षात आलं नसतं असं नाही. पण अनुभवी माणूस तरी काय करतो? तो डोक्यातल्या डोक्यात दोन-तीन प्रती मांडूनच बघतो. ऑब्जेक्ट डायग्राम ते काम सगळ्यांसमोर, कागदावर करतं.

नेमकं असतं काय यात

क्लास डायग्राम सांगतं की कुठल्या प्रकारच्या गोष्टी असू शकतात आणि त्यांच्यात कुठली नाती असू शकतात. ऑब्जेक्ट डायग्राम सांगतं की एका ठराविक क्षणी कुठल्या गोष्टी खरोखर आहेत, त्यांच्यात काय भरलेलं आहे आणि कोण कुणाला जोडलेलं आहे. कोरा छापील अर्ज आणि भरलेला अर्ज यांच्यात जो फरक, तो इथे आहे असं बरेचदा सांगतात. उपमा ठीक आहे, पण ती अर्ध्या वाटेतच साथ सोडते. भरलेले अर्ज एकमेकांना धरून बसत नाहीत, ऑब्जेक्ट बसतात. आणि गोंधळ बहुतेक वेळा त्या धरण्यातच असतो.

ही चित्रं ज्या भाषेत काढतात ती यूएमएल (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज) ही चित्रभाषा ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार जेकबसन यांच्या आधीच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून तयार झाली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं तिला मानक म्हणून स्वीकारलं. त्याआधी बूच यांच्या पद्धतीत क्लास म्हणजे तुटक रेषेचा ढग आणि ऑब्जेक्ट म्हणजे सलग रेषेचा ढग असे. रम्बॉ यांच्या पद्धतीत क्लास कोनदार चौकोनात, तर ऑब्जेक्ट गोल कोपऱ्यांच्या चौकोनात. यूएमएलनं दोघांसाठी एकच आकार घेतला आणि ऑब्जेक्टच्या नावाखाली रेघ ओढली. त्यामुळे आज चित्र वाचताना पहिली नजर त्या अधोरेखेवर जायला हवी. ती असेल तर समोर एक नमुना आहे, नसेल तर अख्खा प्रकार. यूएमएल २ च्या चौदा प्रकारच्या आकृत्यांपैकी सात रचना दाखवणाऱ्या आहेत आणि ऑब्जेक्ट डायग्राम त्या सातांतलं एक.

लिहायची रीत सोपी आहे. वरच्या कप्प्यात ऑब्जेक्टचं नाव, मग अपूर्णविराम (:), मग क्लासचं नाव, आणि या सगळ्याखाली रेघ. नावाची गरज नसेल तर ते गाळून नुसतं ‘: प्रत’ लिहिलं तरी चालतं, त्याला निनावी ऑब्जेक्ट म्हणतात. खालच्या कप्प्यात अ‍ॅट्रिब्यूट आणि त्याची किंमत, मध्ये बरोबरचं चिन्ह. अशा प्रत्येक ओळीला स्लॉट म्हणतात. ऑब्जेक्टांमधल्या रेघेला लिंक म्हणतात. क्लासांमधल्या असोसिएशनचं, म्हणजे नात्याच्या रेघेचं, ती एक प्रत्यक्ष उदाहरण असते.

क्लासच्या चौकोनात असतो तो तिसरा, मेथड्सचा म्हणजे करता येणाऱ्या क्रियांचा कप्पा इथे नसतो. ‘परत कर’ ही मेथड प्रत्येक प्रतीसाठी तीच असते, ती क्लासकडे एकदा लिहिली की झालं. पु१ आणि पु२ यांच्यात वेगळं काय, तर आतल्या किमती आणि बाहेरच्या लिंक, म्हणून चित्रात तेवढंच येतं.

लिंकवर मल्टिप्लिसिटीही, म्हणजे ०..५ सारखी किती जणांशी नातं असू शकतं ती मर्यादाही, लिहायची नसते. लिंक ही दोन ठराविक ऑब्जेक्टांमधली एक रेघ आहे, तिच्यावर ‘०..५’ लिहिण्याला काही अर्थ नाही. उलट क्लास डायग्राममधला ०..५ पाळला गेलाय का, हे इथे रेघा मोजून कळतं. स१ मधून प्रतींकडे सहा रेघा निघत असतील तर एक तर चित्र चुकलंय किंवा नियम. रोलचं, म्हणजे त्या नात्यातल्या भूमिकेचं, नाव मात्र टोकाशी जरूर लिहावं, विशेषतः दोन ऑब्जेक्टांमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारची नाती असतील तेव्हा.

इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासकडून दुसऱ्याला गुण मिळण्याचा, पोकळ त्रिकोणी बाणही येत नाही. ‘विद्यार्थी सदस्य’ हा ‘सदस्य’चा सबक्लास, म्हणजे त्याचाच एक खास प्रकार असेल, तर एका विद्यार्थ्यासाठी एकच चौकोन काढायचा, त्यावर ‘: विद्यार्थीसदस्य’ लिहायचं आणि वरून आलेली व स्वतःची अ‍ॅट्रिब्यूट्स एकाच कप्प्यात एकाखाली एक मांडायची. मेमरीत दोन ऑब्जेक्ट नसतात, एकच असतो. नवशिक्यांच्या चित्रात हमखास वर एक ‘सदस्य’ ऑब्जेक्ट, खाली एक ‘विद्यार्थीसदस्य’ ऑब्जेक्ट आणि मध्ये बाण दिसतो. तसं दिसलं की समजावं, इनहेरिटन्स आणि लिंक यांची डोक्यात सरमिसळ झालीय.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. चित्रात एखादा स्लॉट नाही याचा अर्थ ती किंमत रिकामी आहे असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की या चित्राला तिच्याशी देणंघेणं नाही. मानकात या चौकोनाचं अधिकृत नाव ‘इन्स्टन्स स्पेसिफिकेशन’ आहे, म्हणजे हे ऑब्जेक्टचं वर्णन आहे आणि वर्णन अर्धवट असलं तरी चालतं. किंमत खरोखरच रिकामी आहे हे दाखवायचं असेल तर ‘परततारीख = नल’ असं स्पष्ट लिहावं; नल म्हणजे किंमतच नाही. हा फरक चर्चेत फार उपयोगी पडतो.

आधीचं आणि नंतरचं

एकटं ऑब्जेक्ट डायग्राम एका क्षणाचं असतं. त्याची खरी ताकद जोडीनं वापरल्यावर दिसते: एखादी क्रिया होण्याआधीचं चित्र आणि झाल्यानंतरचं चित्र.

ग्रंथालयाकडेच परत जाऊ. पुस्तक आणि प्रत वेगळे झाले आहेत. सदस्य आणि प्रत यांच्यात थेट लिंक आहे. स१ नं प्र१ परत केली, हे दाखवायचंय. आधीच्या चित्रात स१ आणि प्र१ यांच्यात रेघ आहे. नंतरच्या चित्रात ती नाही. बस, एवढंच?

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ग्रंथपालाला दाखवा आणि गप्प बसा. तो दुसऱ्या चित्राकडे बोट दाखवून विचारेल: आता प्र१ ची पानं फाटलेली सापडली तर ती शेवटची कुणी नेली होती ते कुठे कळणार? उत्तर आहे, कुठेच नाही. लिंक गेली की माहितीही गेली. उशीर किती झाला, दंड किती लावायचा हेही कुठे लिहायला जागा नाही, कारण नेल्याची तारीख सदस्याचीही नाही आणि प्रतीचीही नाही. ती त्या दोघांच्या एका भेटीची आहे. म्हणजे त्या भेटीलाच एक ऑब्जेक्ट हवा:

दे१ : देवघेव
नेल्याचीतारीख = ३ मार्च
परततारीख = नल
लिंक: सदस्य स१, प्रत प्र१

परत केल्यानंतरच्या चित्रात हाच दे१ तसाच राहतो, फक्त परततारीख भरली जाते. एकही रेघ पुसली जात नाही. आता नियमही वेगळ्या शब्दांत मांडावा लागतो. ‘प्रतीकडून सदस्याकडे ०..१ रेघ’ हे यापुढे चालत नाही, कारण एका प्रतीच्या आजवरच्या कितीतरी देवघेवी असतील. खरा नियम असा होतो: एका प्रतीच्या सगळ्या देवघेवींपैकी परततारीख रिकामी असलेली फार तर एकच. पाच पुस्तकांच्या मर्यादेचंही तेच. या अटी मल्टिप्लिसिटीच्या आकड्यात बसत नाहीत. त्या वेगळ्या लिहाव्या लागतात आणि कोडमध्येही वेगळ्या तपासाव्या लागतात. क्लास डायग्राममध्ये सुटसुटीत ०..१ होता तिथे आता तळटीप आली. दिसायला ते मागे गेल्यासारखं वाटतं, पण मर्यादा खरोखर काय आहे हे आता कुठे कळलं.

या जोडीचा आणखी एक वापर अगदी रोकडा आहे. आधीचं चित्र म्हणजे युनिट टेस्टची (कोडचा एक छोटा भाग तपासणाऱ्या चाचणीची) मांडणी, नंतरचं चित्र म्हणजे टेस्टच्या शेवटी तपासायच्या गोष्टी. मधली क्रिया म्हणजे मेथडची हाक. चित्रांची जोडी नीट असेल तर टेस्ट लिहिणं हे जवळपास उतरवून काढण्याचं काम उरतं. आणि मधल्या पायऱ्या, कोणी कोणाला कुठला निरोप पाठवला, हे हवं असेल तर ते या चित्रात शोधू नये. त्यासाठी सीक्वेन्स डायग्राम आहे.

नको असलेली चित्रं

आतापर्यंत आपण होऊ शकतील अशा परिस्थिती काढल्या. माझ्या मते याहून जास्त हाती लागतं ते कधीच होऊ नये अशी परिस्थिती मुद्दाम काढल्यावर. कसोटी साधी आहे. जी परिस्थिती व्हायला हवी ती क्लास डायग्रामच्या नियमांत बसत नसेल, तर नियम फार आवळलेत. जी परिस्थिती होता कामा नये ती नियमांत बिनधास्त बसत असेल, तर नियम ढिले आहेत.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे स्वतःशीच जोडलेला क्लास. ‘कर्मचारी’ नावाचा एक चौकोन, त्यातून निघून त्यातच परत येणारी एक रेघ, एका टोकाला ‘वरिष्ठ ०..१’, दुसऱ्या टोकाला ‘हाताखालचे *’. प्रत्येकाला फार तर एक वरिष्ठ, प्रत्येकाच्या हाताखाली कितीही जण. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप एक उतरंड उभी राहते: वर एक जण, खाली तिघं, त्यांच्या खाली आणखी. ही उतरंड मनात असते, चित्रात नसते. चित्र काय काय चालवून घेतं ते बघा:

क१ : कर्मचारी, वरिष्ठ = क२
क२ : कर्मचारी, वरिष्ठ = क३
क३ : कर्मचारी, वरिष्ठ = क१

प्रत्येकाला बरोबर एक वरिष्ठ आहे. मल्टिप्लिसिटी शंभर टक्के पाळली गेली आहे. आणि तिघं गोल गोल फिरत एकमेकांचे साहेब आहेत. याहून लहान चित्र हवं असेल तर क१ चा वरिष्ठ क१ हेही चालतं. रजेचा अर्ज ‘सर्वांत वरच्या वरिष्ठापर्यंत’ नेणारं लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोड) या वर्तुळात शिरलं की ते कधीच बाहेर येणार नाही, आणि तेच काम रिकर्शननं, म्हणजे मेथडनं स्वतःलाच हाक मारून, केलं असेल तर त्या हाकांची नोंद ठेवणारी जागा, स्टॅक, भरून प्रोग्रॅम कोसळेल.

डेटाबेस हे आपोआप थांबवेल असं वाटत असेल तर तसं होत नाही. फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना, एवढंच बघते की क२ नावाची नोंद अस्तित्वात आहे. एका ओळीपुरती चेक अट घालून ‘स्वतःच स्वतःचा वरिष्ठ नको’ एवढं अडवता येतं, पण तीन जणांचं वर्तुळ एका ओळीत दिसतच नाही. म्हणून अट स्वतंत्र लिहावी लागते: कुठल्याही कर्मचाऱ्यापासून वरिष्ठ, वरिष्ठाचा वरिष्ठ असं कितीही वर गेलं तरी त्याच कर्मचाऱ्याशी परत येता कामा नये. यूएमएलसोबत अशा अटी नेमकेपणानं लिहिण्यासाठी ओसीएल नावाची भाषा आहे. पण अट साध्या मराठीत लिहून क्लास डायग्रामशेजारी चिकटवली तरी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे वरिष्ठ बदलणाऱ्या मेथडमध्ये ती तपासणं.

अशा ढिल्या जागा आणखी एका ठिकाणी हमखास असतात. क्लास डायग्राममध्ये रेघांची बंद आकृती तयार होत असेल तिथे थांबावं. कर्मचारी एका विभागात, प्रकल्प एका विभागाचा, कर्मचारी अनेक प्रकल्पांवर, असा त्रिकोण झाला. आता काढा: क१ विभाग वि१ मध्ये, प्रकल्प प१ विभाग वि२ चा, आणि क१ ची लिंक प१ शी. हे चालतं का? याचं उत्तर डिझाइन करणाऱ्याकडे नसतंच. एका संस्थेत ते रोजचं असेल, दुसरीत नियमाविरुद्ध. पण क्लास डायग्राम दाखवून हा प्रश्न विचारला तर समोरचा माणूस ‘बघा तुम्हीच’ म्हणतो, आणि तीन ऑब्जेक्टांचं हे चित्र दाखवलं तर लगेच ‘हो, होतं असं’ किंवा ‘छे, कधीच नाही’ म्हणतो. यूएमएलचा गंध नसलेल्या माणसालाही भरलेल्या किमती वाचता येतात.

नको असलेली चित्रं हातानंच शोधली पाहिजेत असंही नाही. जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठात तयार झालेल्या ‘यूज’ या साधनात क्लासेस आणि ओसीएल अटी लिहून, ऑब्जेक्ट डायग्राम मांडून, कुठली अट मोडते ते तपासता येतं. एमआयटीत डॅनियल जॅक्सन यांच्या गटानं केलेलं ‘अ‍ॅलॉय’ उलट्या दिशेनं जातं. तुम्ही नियम द्यायचे, ते स्वतःच नियमांत बसणारे नमुने शोधून तुमच्यासमोर काढतं. वरचं तिघांचं वर्तुळ ते क्षणात काढून दाखवेल. त्यामागे जॅक्सन यांचं एक गृहीतक आहे: डिझाइनमधल्या बहुतेक चुका अगदी थोड्या ऑब्जेक्टांच्या उदाहरणातही उघड्या पडतात. म्हणून तीन-चार चौकोनांच्या चित्राला कमी लेखू नये. वर्तुळ दाखवायला हजार कर्मचारी लागत नाहीत, तीन पुरतात. खरं तर एकही पुरतो.

सारखे, की तेच

कोड लिहिणाऱ्यांसाठी ऑब्जेक्ट डायग्रामचा सर्वांत रोजचा उपयोग वेगळाच आहे. दोन गोष्टी सारख्या आहेत की दोन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत, हे क्लास डायग्राममधून कळतच नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक प्रसिद्ध खोडी घ्या. तीन ओळी आणि तीन स्तंभांचा तक्ता हवा म्हणून तीन शून्यांची एक लिस्ट केली, ती दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवली आणि त्या बाहेरच्या लिस्टला तीननं गुणलं. छापून बघितलं तर नऊ शून्यं नीट दिसतात. मग पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात १ ठेवला आणि पुन्हा छापलं, तर तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात १ आला. क्लास डायग्रामच्या भाषेत इथे काहीच चूक नाही: तक्त्याला तीन ओळी, ओळीला तीन घरं. आता चित्र काढा.

मनात होतं ते:
त१ : तक्ता, लिंक ओ१, ओ२, ओ३
ओ१, ओ२, ओ३ : ओळ, प्रत्येकात ०, ०, ०

झालं ते:
त१ : तक्ता, लिंक ओ१, ओ१, ओ१
ओ१ : ओळ, त्यात ०, ०, ०

तीन बाण, पण तिन्हींचं टोक एकाच चौकोनावर. गुणाकारानं ओळीची नक्कल केली नाही, ओळीकडे जाणारा बाण तीनदा लिहिला. चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की वरवरची नक्कल म्हणजे शॅलो कॉपी आणि खोल नक्कल म्हणजे डीप कॉपी यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही. शॅलो कॉपीत बाहेरचा चौकोन नवा येतो आणि आतले बाण जुन्याच चौकोनांकडे जातात. डीप कॉपीत आतले चौकोनही नवे. जावामध्ये दोन स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून बघितल्या की कधी खरं, कधी खोटं असं उत्तर का येतं, त्याचंही मूळ हेच: ते चिन्ह चौकोन एकच आहे का हे विचारतं, आतली अक्षरं सारखी आहेत का हे विचारण्यासाठी ‘इक्वल्स’ आहे.

शिकवताना म्हणूनच ही चित्रं फार कामाला येतात. ‘पायथन ट्यूटर’ हे फिलिप ग्वो यांनी केलेलं साधन प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीला असंच चौकोन-बाणांचं चित्र काढून दाखवतं. जावा शिकणाऱ्यांसाठीच्या ‘ब्लूजे’मध्ये तयार केलेले ऑब्जेक्ट खिडकीच्या तळाशी लाल चौकोनांसारखे मांडलेले दिसतात आणि एकेकावर क्लिक करून आतल्या किमती बघता येतात. डीबगरमधली (प्रोग्रॅम थांबवून चुका शोधायच्या साधनातली) व्हेरिएबल्सची खिडकीही दुसरं काय असते? तीही ऑब्जेक्ट डायग्रामच, फक्त एकाखाली एक ओळी लावून दाखवलेलं. तिथे दोन बाण एकाच ऑब्जेक्टकडे जातायत हे पटकन दिसत नाही. त्यासाठी ओळखक्रमांक ताडून बघावे लागतात. तेव्हा शंका आली की पेन्सिल घेतलेली बरी.

काढताना काय सांभाळायचं

किमती गुळगुळीत घेऊ नयेत. सगळ्या स्लॉटमध्ये ‘अबक’ आणि १२३ भरलेलं चित्र क्लास डायग्रामपेक्षा जास्त काहीच सांगत नाही. अडचणीच्या किमती घ्याव्या: शून्य, रिकामं, मर्यादेवरचा पाचवा आणि तिच्या पलीकडचा सहावा, एकाच नावाचे दोन सदस्य, अजून एकही प्रत न आलेलं पुस्तक. शेवटचं चित्र काढलंत तर ‘प्रती *’ (शून्यही चालेल) की ‘प्रती १..*’ (निदान एक हवीच) हा वाद तिथल्या तिथे मिटतो, कारण खरेदीची मागणी गेलेली आहे पण पुस्तक अजून आलेलं नाही अशी स्थिती असते की नाही, हे ग्रंथपाल लगेच सांगतो.

स्लॉटमध्ये किंमत हवी, प्रकार नको. ‘नेल्याचीतारीख : तारीख’ ही क्लासची ओळ झाली. दोन वेगळ्या क्षणांची माहिती एकाच चित्रात कोंबू नये. प्रत परत आल्याची तारीखही भरलेली आणि ती ‘बाहेर आहे’ असंही लिहिलेलं, असं चित्र बरेचदा दोन क्षण एकत्र झाल्यामुळे तयार होतं. मात्र चित्र काढणाऱ्यानं शपथेवर सांगितलं की हा एकच क्षण आहे, तर मग खरा प्रश्न सापडलाय: एकच गोष्ट दोन ठिकाणी साठवली जातेय.

आणि सगळी यंत्रणा काढायला जाऊ नये. दहा-बारा ऑब्जेक्टांपुढे चित्र वाचणारा हरवतो. एका चित्राला एकच प्रश्न असावा आणि तो प्रश्नच चित्राचं शीर्षक असावा: ‘तिन्ही प्रती बाहेर असताना आरक्षण’, ‘वरिष्ठांचं वर्तुळ’. दोन-तीन साधे क्लास, नाती सरळसोट, कुणाच्याही मनात शंका नाही, अशा ठिकाणी हे काढणं निव्वळ वेळ घालवणं आहे. कुणी प्रत्येक क्लाससाठी एक ऑब्जेक्ट डायग्राम असा दंडक घातला असेल तर तो खुशाल मोडावा.

जपून ठेवायचं की नाही, हा शेवटचा प्रश्न. फळ्यावरची बहुतेक चित्रं पुसायच्याच लायकीची असतात. त्यांतून निघालेला नियम क्लास डायग्राममध्ये गेला की त्यांचं काम संपलं, आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नाव बदललं की ती शिळी होतात. नको असलेली चित्रं मात्र ठेवावीत. प्लँटयूएमएलसारख्या साधनात ऑब्जेक्ट आणि लिंक साध्या मजकुरात लिहिता येतात, त्यामुळे ती कोडशेजारीच, त्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवायच्या जागेत, राहू शकतात. त्याहून बरं म्हणजे प्रत्येकाची एक टेस्ट करून टाकावी: क१, क२, क३ बनवा, पहिल्या दोन लिंक जोडा, आणि तिसरी जोडताना एरर यायलाच हवी असं लिहा.